दाताचा उडालेला कोपरा

३ मार्च

आईनं कवळी काढली, ताटलीत ठेवली आणि ताटली टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाची आहे?"

"तुझीच की."

"माझी नाही."

टोचते का, विचारलं. नाही. सैल आहे का. नाही. बोलताना जीभ अडते का. नाही. "सगळं व्यवस्थित आहे रे. पण मी आरशात बघते तर दुसरीच कुणीतरी बाई हसते. तिच्यासमोर मी काय जेवू?"

मी ताटली उचलून धुतली.

बाबा गेल्यानंतर तिच्या हिरड्या बिघडल्या. खरं तर आधीच बिघडल्या असणार. तिनं सांगितलं बाबा गेल्यावर. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेसुरले सगळे दात काढले. जखमा भरल्यावर मी कवळी करायला घेतली. आमच्या दातांच्या लॅबमध्ये दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आयुष्यभर लोकांच्या आयांचे दात बसवले, माझ्या आईचे दुसरा कोण बसवणार.

ती सूप पिते, केळं कुस्करून खाते, तेही मी समोर बसलो तर. बोलताना तोंडावर हात धरते. बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिनं तिला आतून दोरा गुंडाळलाय. डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वजन आणखी उतरलं तर कवळी राहू दे, मी यांना सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवणार, नळीनं भरवतील.

बाबांनी माझ्या कामाला कधी काम म्हटलं नाही. एकदाच लॅबमध्ये आले होते. दारातूनच परत गेले, एक शब्द न बोलता. वास सहन झाला नसेल, किंवा मुलगा असलं काहीतरी करतो हे बघवलं नसेल. आज हे का आठवलं कोण जाणे.

४ मार्च

कवळी डब्यात घालून लॅबमध्ये नेली. पॉलिशच्या टेबलावर ज्या बसतात त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली.

"ही कुठल्या जाहिरातीसाठी?"

"आईची आहे."

"अरे देवा." त्यांनी कवळी खाली ठेवली. "चूक कुठेच नाही हो. तेच तर. या वयाच्या बाईच्या तोंडात एवढी सरळ रांग? शाळेच्या कवायतीला उभे आहेत सगळे. त्यांचे खरे दात कसे होते?"

मी लगेच सांगितलं. वरच्या समोरच्या दोनांपैकी एका दाताचा कोपरा उडालेला होता. तिरका, नखाएवढा. ती हसली की आधी तोच दिसायचा.

"मग तो कुठे गेला?"

मला तो इतका स्पष्ट आठवतो की डोळे मिटून काढून दाखवीन. आणि कवळी करताना मी तो सरळ पूर्ण केला. आमचं काम म्हणजे मोडलेलं नीट करणं. हात आपोआप नीट करतो.

"करा परत," मावशी म्हणाल्या आणि यंत्र चालू केलं.

५ मार्च

आईला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन पुन्हा माप घेतलं. मापाचा लगदा तोंडात असताना तिला मळमळलं. हिरड्या दुखावल्या. घरी आल्यावर ती खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली.

मी तिथेच खुर्ची ओढून बसलो आणि नको ते विचारलं. "आई, तुझ्या दाताचा तो कोपरा कसा गेला होता?"

"ह्यांच्यामुळे."

"म्हणजे?"

"कपाट वर चढवत होतो. नवीन घर. मी वरच्या पायरीवर, हे खाली. मध्येच ह्यांनी हात सोडला. कपाट हललं आणि त्याची कड माझ्या तोंडावर."

"मुद्दाम सोडला?"

"मुद्दाम नाही तर काय. सोडला म्हणजे सोडला. अर्ध्यावर सोडायची सवयच होती."

मी म्हणालो, बाबांनी कधीच काही अर्ध्यावर सोडलं नाही. या खोलीचा रंग त्यांनी ताप असताना पुरा केला. खिडकीच्या मागची बाजूसुद्धा रंगवली, जी कुणाला दिसत नाही.

"तू त्यांचीच बाजू घे."

आई असं का बोलते कळत नाही. बाबा होते तेव्हा त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढला तर ती अंगावर यायची. आता सगळं वाईटच बाहेर येतं. कुठल्याशा प्रवासात तहान लागली तरी गाडीतून उतरून पाणी आणलं नाही. आजारपणात शेजारच्या खोलीत झोपले. मी घरातच होतो की तेव्हा. मला तर तेच पाणी आणताना आठवतात.

६ मार्च

ताईला फोन केला. ती रस्त्यात होती, मागे हॉर्न वाजत होते, कुणीतरी तिची गाडी अडवून ठेवली होती.

मी म्हणालो, आईच्या कवळीत तो उडालेला कोपरा परत घालतोय.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"का?"

"का काय का? जिन्यात भांडले होते दोघं. बाबांनी रागानं कपाट सोडून दिलं. मला आईनं दहादा सांगितलंय. ते तू परत तिच्या तोंडात बसवणार? रोज आरशात तेच बघायचं तिनं? सरकव की रे ती गाडी! तुला नाही म्हणत, या माणसाला म्हणतेय."

"मला तिनं वेगळं सांगितलं होतं. लहानपणी. कपाट उचलताना बाबांना हसू आवरलं नाही, म्हणून हात सुटला."

"तुला सगळ्याच गोष्टी गोड करून सांगायची ती. धाकटं शेंडेफळ. माझ्या वाट्याला खरं यायचं."

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. ती शाळेत असताना बाबांचं काम सुटलं होतं. मला ती वर्षं माहीत नाहीत. मी कळता झालो तेव्हा घरात पडदे होते आणि बाबा संध्याकाळी शीळ घालत यायचे.

कवळीचे दात आधी मेणात लावून बघायचे असतात. आज त्या मेणाला हात लावला नाही.

८ मार्च

काम करता करता एक गोष्ट सुचली आणि मी सुरी खाली ठेवली.

कपाटाची कड तोंडावर आली. दात तुटला. पण आईच्या ओठावर व्रण नाही. वरच्या नाही, खालच्याही नाही. तोंड मिटलेलं असतं तर आधी ओठ फाटला असता. म्हणजे त्या क्षणी दात उघडे होते. म्हणजे ती हसत होती!

मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, वा, तुम्ही तर पोलिसात पाहिजे होतात.

ताईला लगेच फोन लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"शहाण्या," ती म्हणाली, "भांडताना तोंड मिटून भांडतात का?"

१० मार्च

आज बाबांचा वाढदिवस. त्यांनी तो कधी केला नाही. ताई न कळवता आली. सुट्टी टाकली म्हणे. दारातच तिनं बाबांचा कोट खुंटीवर पाहिला, आम्ही तो अजून काढलेला नाही, आणि चप्पल न काढता त्याच्या बाहीला तोंड लावून उभी राहिली.

मग स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. ताई एकदम म्हणाली, "त्या रात्री बाबांनी बर्फ आणला होता. आईच्या तोंडाला धरून बसले होते पहाटेपर्यंत. हात बधिर झाला त्यांचा, बदलला नाही."

"कुठल्या रात्री?"

"कपाटाच्या."

मी ताईकडे बघत राहिलो. चार दिवसांपूर्वी हीच रस्त्यातून ओरडत होती.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनं."

"मी?" आई म्हणाली. "मी नाही बाई. बर्फ कुठला त्या घरात? फ्रिज नव्हता."

"शेजारून आणला असेल."

"शेजारी कोण होतं? कुणीच राहायला आलं नव्हतं अजून."

"मग मला का आठवतंय?" ताई म्हणाली. "मला तो हात दिसतोय, आई. पांढरा पडलेला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, मग मला कुठून दिसतो तो?"

आईनं तोंडावरचा हात काढला. दात काढल्यापासून पहिल्यांदा असं झालं. तो हात तिनं ताईच्या डोक्यावर ठेवला.

"असेल," ती म्हणाली. "असेल आणला बर्फ. मला वेदनेत कुठे कळत होतं."

ताईनं नाक पुसलं. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, घाल तो कोपरा. ताईचं काही समजत नाही. तिला नेमकं काय हवंय ते तिलाच ठरवता येत नाही, लहानपणापासून.

११ मार्च

मेणात दात लावून झाले. आता फार सरळ ठेवले नाहीत. बाजूचा एक किंचित आत वळवला, खालचे दोन एकमेकांना खेटवले. समोरच्या उजव्याचा कोपरा दगडी चाकावर घासला. आधी थोडा, मग आणखी थोडा. पाणी लावून पाहिला. मग कड बोथट केली, कारण तुटलेला दात इतकी वर्षं तोंडात राहिला की जिभेनं आणि अन्नानं गुळगुळीत होतो.

पाहिलं. मी लहान आहे, आई हसतेय.

मावशी मागे येऊन उभ्या होत्या. चहा ठेवून गेल्या.

१२ मार्च

चुकलं.

ताई आज रविवार नसताना पुन्हा आली. म्हणाली, मला बघायचंय. आईला खिडकीशी बसवलं. मेणातल्या कवळीनं चावायचं नसतं, ती नुसती घालून बघायची, हे तिला समजावलं. तिनं घातली. ओठ मिटले. मग हळूच उघडले.

ताई हसायला लागली. "अरे, चुकीच्या बाजूला आहे!"

"शक्य नाही."

"तो डावा होता. आईचा डावा. माझ्या समोर बसली की माझ्या उजव्या हाताला यायचा."

"ताई, मी रोज दहा तोंडांचं डावं-उजवं करतो. माणसाचा डावा तो डावा, बघणाऱ्याचा नव्हे, हे मला तू शिकवू नकोस. आजवर माझी बाजू एकदाही चुकलेली नाही."

"आज चुकली."

"मला स्पष्ट दिसतोय तो!"

"मलाही दिसतोय!"

फोटो बाहेर काढले. एकाही फोटोत आईनं तोंड उघडलेलं नाही. लग्नाच्या आधीचे आहेत त्यांत दात पूर्ण आहेत. नंतरच्या सगळ्यांत ओठ मिटलेले. आम्ही दोघं जमिनीवर फोटो पसरून भांडत होतो आणि आई खुर्चीत बसून होती. मग तिनं खुर्चीवर दोन टिचक्या मारल्या.

"मला विचारा की कुणीतरी. तोंड माझं आहे."

आम्ही हातातले फोटो खाली ठेवले.

"डावा," ती म्हणाली. "जीभ रोज तिथं जायची. आताही तिकडेच जाते, आणि काही सापडत नाही."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी असती तर जीभ बाहेर काढली असती.

मी म्हणालो, "पण आई, मला तो अगदी समोर आठवतो."

आई मग उठली, मला दंडाला धरून आपल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि स्वतः माझ्या मागे उभी राहिली. आता ती माझ्या खांद्यापर्यंतच येते. तिला टाचा उंच कराव्या लागल्या.

"केस विंचरायचे मी तुझे इथं. तू डोकं हलवायचास म्हणून गोष्टी सांगायचे. तू वळून कधी बघितलंस माझ्याकडे? आरशातच बघायचास."

आरशात ती हसली. मेणातला तो कोपरा आता दुसऱ्याच बाजूला दिसत होता, आणि तो चुकीचा वाटला.

"आणि मी?" ताई दारातून म्हणाली.

"तुला समोर बसवून रागवायचे ना मी."

ताई दाराला टेकली. म्हणाली, "म्हणजे माझी बाजू बरोबर निघाली ती रागावण्यामुळे."

"तुला फार रागावले मी," आई म्हणाली. "ते दिवसच तसे होते. चिडले की मला ते कपाटही चिडूनच आठवायचं. ह्यांनी सोडलं, ह्यांनी सोडलं. तू समोर असायचीस, तुला ऐकावं लागलं."

"आणि याला?"

"याचे केस कुरळे होते. ते विंचरताना कुणाला राग येणार."

"मग खरं काय झालं होतं?" मी विचारलं.

आई आरशातून आम्हा दोघांकडे बघत होती. "कपाटाचं दार उघडत होतं. एक पायरी चढली की उघडायचं आणि ह्यांच्या नाकावर आपटायचं. हे म्हणायचे, अगं थांब. मी म्हणायचे, आता कसली थांबते. पुन्हा आपटायचं. मी हसत होते, हे चिडत होते. मग हेही हसायला लागले. कधी लागले ते मात्र आठवत नाही. हात सुटायच्या आधी की नंतर."

मेणाची कवळी तोंडात घालून इतकं बोलायचं नसतं. दोन दात हलले. मी हलू दिले.

१४ मार्च

डावा केला. उजवा पूर्ण दात नवा लावला.

काम करताना मन हलकं होतं. बाबांची आठवण आली. एकदाच ते लॅबमध्ये आले होते. दारात उभं राहून कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत होते. माझं लक्ष गेलं तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला, आत न येता गेले. काम मोडू नये म्हणून. असा माणूस होता. हे आईला सांगायला हवं.

मावशी म्हणाल्या, "आज शीळ घालताय."

मला कळलंच नव्हतं.

१६ मार्च

मेण गेलं, पक्की कवळी साच्यातून निघाली. मावशींनी पॉलिशला कुणाला विचारलं नाही, माझ्या हातातून घेतली. तो कोपरा मात्र त्यांनी चाकाखाली जाऊ दिला नाही, कापडानं हातानंच घासला.

डॉक्टरीणबाईंनी बसवली. दोन ठिकाणी घासून दिली. वजन घेतलं आणि कागदावर लिहिलं, मला दाखवलं नाही. "हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात काटा खालीच दिसला तर माझं ऐकायचं."

संध्याकाळी मी उकडलेल्या भाज्या आणि मऊ भात केला. ताईही आली होती. आईनं दोन घास घेतले. चावले. तिसरा तोंडात तसाच राहिला. तिचे डोळे भरले.

"टोचतंय?" मी.

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

"जीभ गेली तिथं," ती म्हणाली. "आणि हे आठवले. चांगले आठवले. वाईट आठवत होते तेच बरं होतं रे."

ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हेच तर मला हवं होतं, तिला चांगलं आठवावं. म्हणून तर मी तो कोपरा घासला. मी म्हणालो, "आई, नको असेल तर मी पूर्ण दात लावून देतो. एका दिवसाचं काम आहे."

आई उठली, मोरीपाशी जाऊन कवळी काढली, धुतली, पेल्यात पाणी घेऊन त्यात ठेवली. पेला आपल्या खोलीत नेला आणि दार ओढून घेतलं.

ताई म्हणाली, राहते मी आज. आम्ही भांडी घासली. ती घासत होती, मी पुसत होतो. मग ती म्हणाली, "बर्फ नसेलच आणला ना रे त्यांनी?"

"आणला असेल," मी म्हणालो.

"कुठून?"

"ते मला काय माहीत. आणला असेल."

१७ मार्च

सकाळी उठलो तर आई घरात नव्हती. पेला रिकामा होता. ताई गॅलरीतून खाली वाकून बघत होती आणि मला हातानं बोलावत होती. आई बेकरीच्या दारात उभी राहून मालकाशी भांडत होती, पाव कालचा आहे म्हणून. तोंडावर हात नव्हता. दोन मजले वर आम्हाला एकेक शब्द ऐकू येत होता. ती ताजा पाव घेऊन वर आली, बसली, आणि त्याच्या दोन्ही टोकांची कडक साल तिनंच खाल्ली. मधला मऊ भाग आम्हा दोघांना दिला.